आपला डॉक्टर कोणता? सांवेर रोडच्या निमित्ताने

(मंडळाच्या सांवेर रोड परिसरातील सभासदांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही डॉक्टर नाही आणि पुढारीही नाही. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, आज पंचेचाळिशी ओलांडली तरी काउंटरवरच आहोत. तेव्हा औषधपाण्याबद्दल आम्ही काय बोलणार, असे कुणाला वाटले तर त्यात गैर काही नाही. पण आजचा विषय औषधांचा नाही, व्यवस्थेचा आहे. कोणत्या पत्त्यावरच्या माणसाने कोणत्या दवाखान्यात जायचे हे कोण ठरवतो, कसे ठरवतो, आणि त्यात आपले नाव कुठे आहे, एवढाच प्रश्न आहे. नाव, पत्ता, खाते आणि शाखा हा तर आमचा रोजचा धंदाच.

या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या घराचा वॉर्ड कोणता, हे तुम्हाला माहीत आहे. पार्षद कोण, ते माहीत आहे. गॅसची एजन्सी, रेशनचे दुकान, मतदान केंद्र, कचऱ्याची गाडी येण्याची वेळ, सगळे पाठ आहे. पण तुमच्या घराला लागून असलेला सरकारी दवाखाना कोणता? तुमचा मुलगा सांवेर रोडवर कारखान्यात असेल तर त्याच्या विमा कार्डावर कोणत्या डिस्पेन्सरीचे नाव आहे? फार थोडे हात वर येतील, याची आम्हाला कल्पना आहे.

आपली इंदूरची जुनी मराठी घरे या बाबतीत थोडी लाडावलेली होती. राजवाडा, नंदलालपुरा, रामबाग, नारायणबाग या भागांत तीन-चार पिढ्या राहिलेल्यांना आठवत असेल. घरचा डॉक्टर ठरलेला असे. आजोबांचा दमा, आईचे बाळंतपण, धाकट्याचा गोवर, सगळे त्या एका माणसाच्या डोक्यात असे. पैसे कधी लगेच, कधी दिवाळीला. मोठ्या दवाखान्यात जायचे की नाही, हे तोच सांगे, आणि जायचे झाले तर एम.वाय.मध्ये कुणाला भेटायचे तेही तोच सांगे. त्याला कुणी हद्द आखून दिली नव्हती. पण हद्द होती. पायी चालत जाण्याएवढी ती हद्द होती.

ही व्यवस्था का संपली? डॉक्टर लोभी झाले म्हणून संपली असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. आपण तिथून उठलो. वाडे गेले, कुणी लोकमान्यनगरला गेले, कुणी सुदामानगरला, कुणी टिळकनगरला, आणि धाकटी पिढी आता सुपर कॉरिडॉरच्या नव्या इमारतींत. डॉक्टरांची मुले शिकून विशेषज्ञ झाली. एकट्याने दवाखाना उघडून बसणारा साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर कमी कमी होत गेला. आज आपल्या घरात चार माणसांचे सहा डॉक्टर असतात. गुडघ्याचा वेगळा, साखरेचा वेगळा, डोळ्याचा वेगळा. पण या सहांच्या गोळ्या एकत्र एका ताटात मांडून "यातली ही बंद करा" असे सांगणारा सातवा माणूस नाही. तोच आपला घरचा डॉक्टर होता.

जुने दिवस परत येणार नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी रडण्यात आम्हाला रस नाही. मात्र जे काम पूर्वी ओळखीने होत होते, ते आता नोंदीने करून घ्यावे लागेल, हे आम्हाला आज आग्रहाने सांगायचे आहे. नोंद ठेवण्याची सोय सरकारी कागदावर आहे. आपणच तिकडे पाहत नाही.

थोडे आमच्या बँकेचे उदाहरण देतो. १ एप्रिल १९८९पासून रिझर्व्ह बँकेने सेवा क्षेत्राची पद्धत आणली होती. ग्रामीण आणि निमशहरी शाखांना खेडी वाटून दिली. एका शाखेकडे साधारण पंधरा ते पंचवीस गावे. त्या गावातल्या शेतकऱ्याला कर्ज हवे असेल तर ती शाखा त्याला "दुसरीकडे जा" असे म्हणू शकत नव्हती. हा तिचा फायदा. तोटा असा, की शाखेचा व्यवस्थापक आळशी निघाला तर शेतकऱ्याला दुसरीकडे जायची वाटच नव्हती. म्हणून २००४च्या डिसेंबरात ती पद्धत बरीच सैल केली गेली. हद्द आखली की जबाबदारी ठरते, पण माणूस अडकतोही. डॉक्टरांच्या बाबतीत जगभर हाच पेच आहे.

ज्यांची मुले इंग्लंडला आहेत त्यांनी हे ऐकले असेल. तिथे गेल्यावर घर मिळाले की राहत्या भागातल्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे लागते. त्याला तिथे जी.पी. म्हणतात. ५ जुलै १९४८ रोजी त्यांची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हापासून हा शिरस्ता आहे. प्रत्येक दवाखान्याचा एक इलाखा असतो आणि पत्ता त्यात बसला तर नाव घेतले जाते. साध्या दुखण्यासाठी थेट मोठ्या इस्पितळात जाता येत नाही, आधी जी.पी.कडे, मग त्याच्या चिठ्ठीने पुढे. लोक कुरकुरतात, वेळ मिळत नाही म्हणतात. २०१५च्या जानेवारीपासून तिथे इलाख्याबाहेरच्या माणसाचेही नाव घेण्याची मुभा दवाखान्यांना दिली गेली, कारण राहायचे एकीकडे आणि नोकरी दुसरीकडे, ही त्यांचीही अडचण होतीच. ही गोष्ट लक्षात ठेवा, सांवेर रोडवर आपल्याला ती पुन्हा भेटणार आहे.

आपल्याकडेही हा विचार काही नवा नाही. स्वातंत्र्याच्या आधी सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९४६ साली तिचा अहवाल आला. हे भोर मूळचे नाशिकचे. डॉक्टर आणि दवाखाना हा लोकसंख्येच्या हिशेबाने, ठरलेल्या भागासाठी असावा, आणि माणसाच्या ऐपतीवर उपचार अवलंबून नसावा, हा त्या अहवालाचा गाभा होता. प्राथमिक आरोग्य केंद्र हा शब्द खेड्यापाड्यांत गेला तो त्याच विचारातून. शहरांकडे मात्र फार काळ कुणी पाहिले नाही. शहरात खाजगी डॉक्टर भरपूर आहेत, तिथे काय गरज, अशी समजूत होती. २०१३ साली राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आले तेव्हा कुठे साधारण पन्नास हजार वस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र हे माप ठरले. पुढे पंधरा-वीस हजार वस्तीमागे एक लहान दवाखाना, असे माप आले. आपल्या मध्य प्रदेशात २०१९मध्ये संजीवनी क्लिनिक सुरू झाली आणि त्यांचा आरंभ इंदुरातच झाला. दिल्लीत २०१५पासून मोहल्ला क्लिनिक होती, मुंबईत २०२२मध्ये आपला दवाखाना आला. नावे वेगळी, पाट्यांवरचे फोटो वेगळे, पण कल्पना तीच. घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर एक डॉक्टर, काही तपासण्या, काही औषधे.

आता आपल्या सांवेर रोडकडे येऊ.

बाणगंगेकडून निघून लवकुश चौराह्याकडे जाताना दोन्ही बाजूंना जो औद्योगिक भाग लागतो, तिथे आपल्या किती घरांतली माणसे रोज कामाला जातात, याची मोजदाद मंडळाने एकदा करावी. औषधांचे कारखाने, प्लास्टिकचे, पॅकिंगचे, इंजिनिअरिंगचे. आपली मुले तिथे मशीनवर कमी असतील, पण स्टोअरला, डिस्पॅचला, लॅबमध्ये, अकाउंट्समध्ये, सुपरवायझर म्हणून आहेत. पगार चौदा, सोळा, अठरा हजार. हे आकडे आम्हाला त्यांच्या पासबुकावरून कळतात, कुणाचे नाव घेण्याचे कारण नाही.

या मुलांसाठी भागवार डॉक्टरची व्यवस्था या देशात सत्तर वर्षांहून जास्त काळ आहे. तिचे नाव कर्मचारी राज्य विमा योजना, ई.एस.आय. आपण इंदूरकर ज्याला बीमा अस्पताल म्हणतो ते नंदानगरचे इस्पितळ तिचेच. १९४८ साली कायदा झाला आणि १९५२च्या फेब्रुवारीत कानपूर आणि दिल्लीला योजना सुरू झाली. मुंबईत १९५४मध्ये ती आली तेव्हा तिथे पॅनल पद्धत घेतली गेली. गिरणगावातल्या खाजगी डॉक्टरांची यादी करायची, कामगाराने त्यातला आपल्या घराजवळचा डॉक्टर निवडायचा, त्या डॉक्टरला माणसांच्या संख्येप्रमाणे सरकारने पैसे द्यायचे. परळ-लालबागला जुनी माणसे अजून पॅनलचा डॉक्टर म्हणतात. हा शब्दही इंग्लंडहूनच आला, तिथल्या १९११च्या विमा कायद्यातून. इंदुरात मात्र योजनेच्या स्वतःच्या डिस्पेन्सऱ्या उघडल्या गेल्या. मध्यभारताचा तो काळ. मालवा मिल, हुकमचंद मिल, स्वदेशी, कल्याण, राजकुमार, भंडारी या गिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि कामगार त्यांच्या आसपासच राहत होते. घर, गिरणी आणि दवाखाना एकाच फेरीत येत असे.

गिरण्या गेल्या. हुकमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिच्या कामगारांची थकलेली देणी चुकती व्हायला २०२३चा डिसेंबर उजाडावा लागला. बत्तीस वर्षे. त्या रकमेची वाट पाहता पाहता कितीतरी जण गेले. रोजगार सांवेर रोडला गेला, पीथमपूरला गेला. राहती घरे शहराच्या चारी दिशांना पांगली. पण दवाखाना कसा मिळतो याचे आपल्या डोक्यातले चित्र भोंग्यांच्या काळचेच राहिले. जुन्या घरांत तर आणखी एक समजूत आहे, की बीमा अस्पताल हे मजुरांचे, आपल्याला काय त्याचे. बंधुभगिनींनो, ही समजूत फार महाग पडते. कशी ते आम्ही हिशेबानेच सांगतो.

ज्या कारखान्यात दहा किंवा अधिक माणसे आहेत तिथे ही योजना लागू होते. जानेवारी २०१७मध्ये पगाराची मर्यादा २१,००० रुपये झाली. १ जुलै २०१९पासून वर्गणी अशी: कामगाराकडून पगाराच्या पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के. समजा मुलाला सोळा हजार पगार आहे. त्याच्या पगारातून महिन्याला १२० रुपये कापले जातात, मालक ५२० भरतो. दोन्ही मिळून ६४०. वर्षाचे ७,६८० रुपये त्याच्या नावावर भरले जातात. त्याबदल्यात तो, त्याची बायको, मुले आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांना उपचार मिळण्याचा हक्क नोकरीला लागल्या दिवसापासून सुरू होतो. आजारपणात पगाराच्या सत्तर टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, त्यासाठी आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. बाळंतपणाची रजा सव्वीस आठवडे. आणि पाच वर्षे विमाधारक राहून जो वयोमानाने निवृत्त झाला, त्याला आणि त्याच्या पत्नीला वर्षाला १२० रुपये भरून उपचार चालू ठेवता येतात. महिन्याला दहा रुपये. २१ नोव्हेंबर २०२५पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९४८चा कायदा तिच्यात गेला, पण योजना संपलेली नाही, ती चालूच आहे.

आणि आपण काय करतो? पैसे कापले जातात ते कापू देतो, आणि ताप आला की कोपऱ्यावरच्या पॉलिक्लिनिकमध्ये रोख देऊन येतो. बँकेत कुणी दरमहा आवर्ती खात्यात पैसे भरले आणि मुदत संपल्यावर घ्यायलाच आला नाही, तर आम्ही त्याला फोन करतो. इथे फोन करणारा कुणी नाही.

आता मुख्य गोष्ट. नाव नोंदवताना फॉर्मवर डिस्पेन्सरीचा रकाना असतो. कामगाराची डिस्पेन्सरी कोणती, आणि कुटुंब दुसरीकडे राहत असेल तर कुटुंबाची कोणती, असा वेगवेगळा विचार त्यात केलेला आहे. म्हणजे राहायचे एकीकडे आणि काम दुसरीकडे, ही अडचण योजनेला माहीत आहे. पण हा रकाना भरतो कोण? बहुतेक ठिकाणी कारखान्याच्या ऑफिसातला किंवा ठेकेदाराचा मुलगा भरतो. त्याच्यासमोर चाळीस नावे असतात. तो एकच डिस्पेन्सरी सगळ्यांना लावून मोकळा होतो. आमच्या माहितीतल्या एका घरात असे झाले. मुलगा कारखान्यात, घर सुदामानगरला, घरात म्हातारी आई आणि दोन लहान मुले. डिस्पेन्सरी मात्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाची लागलेली. आईला रक्तदाबाची गोळी आणायला दोन सिटी बस बदलून जायचे. तीन वेळा गेली, चौथ्या वेळी म्हणाली, "राहू दे रे, मी मेडिकलवरून घेते." योजनेत नाव असून ते घर योजनेबाहेर गेले. कुणी नाकारले नाही, कुणी भांडले नाही. एका रकान्याने गेले. पुढे तो रकाना बदलून घेतला, अर्ज केला, काम झाले. पण मधली दोन वर्षे गोळ्या खिशातून गेल्या आणि मधूनमधून गोळ्यांना खाडाही पडला. रक्तदाबाच्या माणसाला असा खाडा किती महागात पडतो, ते इथल्या ज्येष्ठांना आम्ही काय सांगावे.

हे झाले विमा असलेल्यांचे. सांवेर रोडची दुसरी अडचण याहून मोठी आहे आणि ती राजकीय आहे, म्हणून आपल्या पत्रकात ती यावी असे आम्हाला वाटते.

नागरी आरोग्य केंद्राचे माप लोकसंख्येवर आहे. लोकसंख्या जनगणनेची, आणि जनगणना माणूस जिथे राहतो तिथे त्याला मोजते. पन्नास हजार वस्ती असेल तिथे केंद्र. औद्योगिक भागात दिवसा हजारो माणसे असतात, पण रात्री तिथे चौकीदार असतो. कागदावर तिथे वस्ती नाही. वस्ती नाही म्हणून मते नाहीत, आणि मते नाहीत म्हणून मागणी करणारा कुणी नाही. माणूस सकाळी आठला घर सोडतो, संध्याकाळी सात-आठला परततो. त्याच्या घराजवळचा सरकारी दवाखाना तो परत येईपर्यंत बंद झालेला असतो. कामाच्या जागी तो कुणाच्या यादीत नाही. एक दिवसाची मजुरी बुडवल्याशिवाय त्याला डॉक्टर भेटत नाही. मग काय होते? तो कारखान्याच्या रस्त्यावर जो कुणी सुई टोचणारा बसला असेल त्याच्याकडे जातो. तो शिकलेला आहे की नाही, हे विचारण्याची सवड कुणाला?

आणि लहान कारखान्यांत, जिथे सात-आठच माणसे आहेत, तिथे विम्याची सक्तीही नाही. त्यांना ना विमा, ना वेळ.

भागाला ठरलेला डॉक्टर असण्याचा आणखी एक उपयोग आहे आणि तो गेल्या हिवाळ्यानंतर इंदुरात कुणाला समजावून सांगावा लागू नये. २०२५च्या डिसेंबर अखेरीस शहराच्या याच उत्तर बाजूला, भागीरथपुऱ्यात, पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि उलट्या-जुलाबांची साथ आली. शेकडो माणसे दवाखान्यांत दाखल झाली, माणसे दगावली. ज्या शहराला २०१७पासून सतत स्वच्छतेचा पहिला मान मिळत आला, त्या शहरात हे झाले. पाइप कुणाचा, जबाबदारी कुणाची, हा वेगळा विषय आहे आणि तो गंभीर आहे. पण एका गोष्टीचा आपण विचार करावा. एका गल्लीतले दहा आजारी दहा वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेले, तर प्रत्येक डॉक्टरला एकच जुलाबाचा रुग्ण दिसतो. तेच दहा जण एका दवाखान्यात गेले तर पहिल्याच दिवशी त्या डॉक्टरच्या ध्यानात येते, की यांचे पाणी पाहिले पाहिजे. वस्तीच्या डॉक्टरला आजार दिसतो तसा पत्ताही दिसतो. म्हणून त्याचे रजिस्टर ही साधी वही नसते.

इंदूरला हे शहाणपण शंभर वर्षांपूर्वी मिळालेले आहे. प्लेगच्या काळात होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावले. १९१८ साली त्याचा इंदूरवरचा अहवाल छापला गेला. त्याने दिवाळीची एक मोठी मिरवणूक काढवली आणि आधी जाहीर केले, की ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत स्वच्छ होतील त्या रस्त्यांवरून मिरवणूक जाईल. मोहल्ले कामाला लागले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर होता. आरोग्य मोहल्ल्यामोहल्ल्याने सांभाळायचे असते, एवढी साधी गोष्ट त्याने लोकांना पटवली. आज कचऱ्याची गाडी रोज आपल्या दारात येते. ती कोणत्या गल्लीत किती वाजता येणार हे नगर निगमाला माहीत असते, आपल्यालाही माहीत असते. कचऱ्यासाठी जे ८५ वॉर्डांत जमले, ते डॉक्टरसाठी का जमू नये?

यावर काही मंडळी म्हणतील, की आम्हाला निवडीचे स्वातंत्र्य हवे, सरकारने ठरवलेला डॉक्टर नको. आमचे म्हणणे, स्वातंत्र्य ठेवाच. ज्याला परवडते त्याने खाजगी डॉक्टरकडे जरूर जावे. पण ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी कुणीतरी जबाबदार असले पाहिजे, आणि जबाबदारी हद्दीशिवाय ठरत नाही. काही म्हणतील, तिथे औषधे नसतात, डॉक्टर जागेवर नसतो. काही ठिकाणी हे खरे आहे. पण जिथे फक्त बोलता न येणारा गरीब जातो, तिथले औषधाचे कपाट रिकामे राहिले तरी कुणाला जाब द्यावा लागत नाही. चार शिकलेली माणसे तक्रारवही मागणारी तिथे गेली तर फरक पडतो. बँकेतही आम्ही हे पाहतो. तक्रारवही मागणाऱ्या गिऱ्हाइकामुळे पुढच्या दहा गिऱ्हाइकांचे काम सोपे होते.

आणखी एक गैरसमज. "आमचे आयुष्मान कार्ड आहे, आम्हाला काळजी नाही." २९ ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, हे कार्ड मिळू लागले, ही चांगली गोष्ट झाली. ज्यांनी काढले नसेल त्यांनी काढून घ्यावे. पण त्यातले पाच लाख हे दवाखान्यात भरती झाल्यावरच्या खर्चाचे आहेत. रोजची रक्तदाबाची गोळी, साखरेची तपासणी, खोकला, तिला ते कार्ड चालत नाही. भरती व्हायची वेळ येऊ नये यासाठी जो डॉक्टर लागतो, तो आयुष्मान कार्डावर मिळत नाही.

तर मंडळींनो, करायचे काय? घरी करायची कामे आधी सांगतो. घरात कुणी ई.एस.आय.मध्ये असेल तर आज रात्री त्याचे ई-पहचान कार्ड काढून बघा. डिस्पेन्सरी कोणती लिहिली आहे, कुटुंबातली सगळी नावे आहेत का, आईवडिलांची आहेत का, आधार जोडले आहे का. डिस्पेन्सरी लांबची असेल तर कारखान्याच्या ऑफिसमार्फत बदलण्याचा अर्ज द्या. जो निवृत्त झाला आहे त्याने पाच वर्षांचा नियम बसतो का ते पाहावे. ठेकेदाराकडे असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की वर्गणी भरली जाण्याची जबाबदारी मूळ मालकावरही असते. आणि सगळ्यांनी आपल्या वॉर्डातले आरोग्य केंद्र किंवा संजीवनी क्लिनिक एकदा आजारी नसताना जाऊन पाहून यावे. वेळ काय, डॉक्टर कोण, कोणत्या तपासण्या होतात, एका कागदावर लिहून फ्रिजला लावावे.

आता मंडळाने करायची कामे. येत्या निवडणुकीत पार्षदपदाचा उमेदवार, कोणत्याही पक्षाचा, आपल्या दारात आला की त्याच्यापुढे तीन मागण्या ठेवाव्यात. पहिली, प्रत्येक वॉर्डात कोणती गल्ली कोणत्या दवाखान्याला जोडली आहे, याची यादी हिंदीत, मोठ्या अक्षरांत, दवाखान्याच्या दारावर लागावी. दुसरी, सांवेर रोडसारख्या भागात केंद्र ठरवताना दिवसा कामाला येणाऱ्या माणसांचीही गणती व्हावी. ई.एस.आय.च्या वर्गणीत कारखानानिहाय संख्या असते, ती मागितली तर मिळू शकते. तिसरी, संध्याकाळची ओपीडी. नागरी आरोग्य अभियानाच्या आराखड्यातच संध्याकाळच्या ओपीडीचा विचार केलेला आहे, तेव्हा आपण काही जगावेगळे मागत नाही. आठवड्यातून निदान तीन दिवस, कारखाने सुटल्यावर दोन तास.

मतांचा हिशेब करणाऱ्यांना आपण हेही सांगू, की सांवेर रोडवर दिवसा असणारा माणूस मतदार नाही असे समजू नका. तो सुदामानगरला, नंदानगरला, बाणगंगेला, सांवेरला मतदार आहे. एका ठिकाणची त्याची गैरसोय दहा वॉर्डांच्या मतपेट्यांत जाते.

मंडळाच्या ऑफिसात येत्या रविवारपासून एक वही ठेवली जाईल. त्यात घराचा पत्ता, घरातल्या विमाधारकाची डिस्पेन्सरी आणि घरापासून तिचे अंतर, एवढे तीनच रकाने आहेत. आजाराचे नाव कुणी लिहायचे नाही, ते ज्याचे त्याच्याकडे. शंभर घरांची नोंद झाली की तो कागद घेऊन आपले शिष्टमंडळ नंदानगरला, नगर निगमात आणि कलेक्टर ऑफिसात जाईल. भाषणापेक्षा शंभर घरांचा तक्ता जास्त बोलतो, हा आमचा नोकरीतला अनुभव आहे. रविवारी दहा ते बारा आम्ही स्वतः वहीजवळ बसू. येताना कार्ड आणा, रकाना आम्ही भरून देऊ.



जय हिंद.